आधारसामग्रीचे दृश्यांकन आणि आभासी वास्तव : संशोधनाचे नवे क्षेत्र आणि राळेगणसिद्धीचे उदाहरण

गेल्या काही वर्षांत विद्यापीठीय संशोधनात दोन शाखांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. पहिली शाखा आधारसामग्रीच्या दृश्यांकनाची, जिला सर्वत्र डेटा व्हिज्युअलायझेशन म्हटले जाते. दुसरी शाखा पाहणाऱ्याला चहूबाजूंनी वेढून टाकणाऱ्या आभासी वास्तवाची, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटीची. या दोन्ही शाखांत पीएच.डी. करण्याच्या संधी आपल्या देशात आणि परदेशातही उपलब्ध आहेत. तथापि पाली, इतिहास, समाजशास्त्र वा भूगोल शिकणारे आपले अनेक विद्यार्थी हे क्षेत्र अभियंत्यांचे आहे असे मानून त्याकडे पाठ फिरवतात. आणि आपले अभियांत्रिकीचे विद्यार्थी येथे सामाजिक प्रश्नाला जागा नाही असे गृहीत धरतात. हे दोन्ही समज निराधार आहेत, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष गाव समोर ठेवले आहे. ते म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे राळेगणसिद्धी. महाराष्ट्रात ज्या गावाविषयी सर्वाधिक लिहिले गेले, ज्याचे आकडे सर्वाधिक सांगितले गेले, अशा मोजक्या गावांत त्याची गणना होते. एवढे पाहिले गेलेले गाव अजून कोणाच्या नजरेतून पाहायचे उरले आहे, हा प्रश्न विचारला की या नव्या शाखांचे मर्म ध्यानी येते.

१. दोन्ही शाखांचे स्वरूप

आकड्यांचे तक्ते वाचून जे सहजी उमगत नाही, ते रेषा, रंग, आकार व नकाशा यांच्या साह्याने डोळ्यांना दिसेल असे मांडणे म्हणजे दृश्यांकन. ही कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची आकृती काढली. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले, ही गोष्ट त्या एका आकृतीने राज्यकर्त्यांच्या नजरेस आणली. आज हेच काम संगणक करतो आणि एका वेळी लक्षावधी नोंदी हाताळतो. तत्त्व मात्र तेच आहे.

आभासी वास्तवाचा इतिहासही अर्धशतकाहून जुना आहे. आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचे पहिले दृश्ययंत्र तयार केले. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदूला खोलीचा भास होतो. मान वळवताच यंत्राने ती हालचाल टिपून चित्रही त्याच क्षणी वळवले, तर आपण त्या जागीच उभे आहोत असे वाटते. हा प्रतिसाद सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात मिळावा लागतो. विलंब वाढला तर पाहणाऱ्याला मळमळू लागते. १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात डोक्यावर अवजड यंत्र न चढवता, खोलीच्या भिंतींवरच दृश्य उमटवणारी रचना सिद्ध झाली. तिला दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘गुहा’ असा आहे. लेण्यांच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. भिंतींवरील चित्रांच्या मधोमध पाहणाऱ्याला उभे करून त्याला कथेच्या आत घेणे, हे काम अजिंठ्याच्या शिल्पी-चित्रकारांनी पंधराशे वर्षांपूर्वीच केले होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सुंदर आकृती काढणे किंवा आभासी दृश्य उभारणे हे कौशल्य आहे. त्यासाठी पदविका पुरेशी आहे. पीएच.डी.चा प्रबंध त्यापुढचा प्रश्न विचारतो. या मांडणीतून पाहणाऱ्याला काय कळले? काय चुकीचे कळले? दुसऱ्या मांडणीने अधिक खरे कळले असते काय? आणि हे आपण कशाच्या आधारे सांगतो? म्हणजे हे संशोधन मूलतः ज्ञान कसे होते याविषयीचे आहे. पालीच्या अभ्यासकाला सञ्ञा आणि दस्सन या संकल्पनांची चर्चा परिचित असते; त्याने या प्रश्नांना बिचकण्याचे कारण नाही.

२. राळेगणसिद्धी : एक पुष्कळ पाहिलेले गाव

राळेगणसिद्धीचे शिवार सुमारे ९८२ हेक्टरांचे आहे. पारनेर तालुका अवर्षणप्रवण असून येथे वर्षाकाठी अवघा चारशे ते साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले आणि त्यानंतर येथे पाणलोट विकासाची कामे सुरू झाली. नाल्यांना बांध घातले गेले, उतारावर समतल चर खोदले गेले, पाझर तलाव दुरुस्त झाला, झाडे लावली गेली. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री या गावामुळे राज्यभर पोहोचली. एके काळी सत्तर-ऐंशी एकरांपलीकडे बागायत नसलेल्या या गावात पुढे हजार एकरांहून अधिक क्षेत्र ओलिताखाली आल्याचे प्रसिद्ध वृत्तांत सांगतात. हजारे यांना १९९० मध्ये पद्मश्री व १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि राज्य शासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली ती याच धर्तीवर. या कामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. विहिरीला पाणी आले ही गोष्ट खरी आहे.

याच गावाविषयी दुसरेही लेखन झाले आहे. गावकऱ्यांनी श्रमदानाने दलित कुटुंबांची जमीन कसून त्यांचे बँकेचे कर्ज फेडले, ही हकीकत आदराने सांगितली जाते. मुकुल शर्मा या अभ्यासकाने २००६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात वेगळा प्रश्न उपस्थित केला. गावाच्या शिस्तीमागील नैतिक अधिकार कसा घडला, आणि त्या व्यवस्थेत दलितांना सामावून घेतले गेले ते समान भागीदार म्हणून की गावाने आखलेल्या चौकटीचे पालन करणारे म्हणून, याची त्यांनी चिकित्सा केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानण्याचे समर्थन केले होते. ‘आदर्श गाव’ ही कल्पना तपासताना त्या भूमिकेचे विस्मरण होऊ देता कामा नये.

तेव्हा राळेगणसिद्धीची दोन चित्रे आपल्यापुढे आहेत. एकात पाण्याची पातळी आहे, दुसऱ्यात माणसांचे स्थान आहे. पहिल्याचे नकाशे व आलेख होऊ शकले, कारण पाणी मोजण्याची साधने होती आणि मोजणाऱ्यांना पाणीच मोजायचे होते. दुसरे चित्र मुख्यत्वे शब्दांत राहिले. ही दोन्ही चित्रे एका पटावर आणणे हाच एक स्वतंत्र प्रबंधविषय आहे.

३. उदानातील दृष्टान्त

खुद्दकनिकायातील उदानात जन्मांध माणसे आणि हत्ती यांची कथा येते. ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. सावत्थीचा राजा आंधळ्यांना जमवण्याची आज्ञा करतो आणि त्याचा माणूस त्यांना हत्ती ‘दाखवतो’. कोणाला डोके, कोणाला कान, कोणाला सुळा, कोणाला पाय, कोणाला शेपटी. मग ज्याने डोके चाचपले तो हत्ती घागरीसारखा असल्याचे सांगतो, ज्याने कान चाचपला तो सुपासारखा, सुळा चाचपणारा नांगराच्या फाळासारखा, धड चाचपणारा कोठारासारखा, पाय चाचपणारा खांबासारखा आणि शेपटी चाचपणारा मुसळासारखा. पुढे ते मुठी उगारून भांडू लागतात आणि राजाची करमणूक होते.

या कथेचा रूढ बोध असा की प्रत्येकाचे ज्ञान अपुरे असते. तो योग्यच आहे. परंतु कोणाच्या हाती हत्तीचा कोणता भाग द्यायचा, हे आंधळ्यांनी ठरवलेले नाही. ते दाखवणाऱ्याने ठरवले आहे. आपले मत चुकले कसे, हे त्यांना कळण्याची सोयच नव्हती. दृश्यांकनाच्या शास्त्राचा कळीचा मुद्दा नेमका हाच आहे. नकाशावर काय रंगवायचे, आलेखाची सुरुवात कोणत्या वर्षापासून करायची, सरासरी घ्यायची की प्रत्येक घर वेगळे दाखवायचे, हे निर्णय पाहणाऱ्याच्या आधी दुसरे कोणी घेतलेले असतात. ते घेणाऱ्यांत आपले संशोधक असावेत की आपण केवळ नकाशावरचे ठिपके म्हणून राहावे, एवढाच प्रश्न आहे.

४. पूर्वसूरींनी घालून दिलेली वाट

हा प्रश्न ज्यांनी फार पूर्वी ओळखला, त्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हार्वर्ड विद्यापीठातून १८९५ मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या या विद्वानाने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने सुमारे साठ रंगीत आकृत्या हाताने तयार केल्या. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या समाजाची लोकसंख्या, साक्षरता, व्यवसाय, जॉर्जिया राज्यातील त्यांची जमीनमालकी हे सारे त्यांत होते. ज्यांच्याविषयी इतर लोक मते बनवत होते, त्यांनी स्वतःची मोजदाद स्वतः केली आणि ती जगाच्या डोळ्यांसमोर टांगली. याच ड्यू बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला होता, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

बाबासाहेब स्वतः आकड्यांचे कठोर परीक्षक होते. ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा त्यांचा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा तुकडा लहान म्हणून तो परवडत नाही, असे मानणाऱ्या तत्कालीन तज्ज्ञांना त्यांनी उत्तर दिले की, केवळ क्षेत्रफळावरून धारणा किफायतशीर आहे की नाही हे ठरत नाही. त्या जमिनीवर किती श्रम व किती भांडवल लागते आहे, त्यांचे परस्परप्रमाण काय, यावर ते ठरते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर, एकच चल नकाशावर रंगवून निष्कर्ष काढणाऱ्यांना त्यांनी दुसरे चल विचारले. राळेगणसिद्धीच्या ओलिताच्या नकाशावर आपल्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न याच परंपरेतला आहे. एकूण किती एकर भिजले, हे कळले; ते कोणाचे एकर होते?

५. प्रबंध होऊ शकतील असे काही विषय

(अ) उपग्रहाचा चौकोन आणि अल्पभूधारक. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला. म्हणजे राळेगणसिद्धीतील कामे सुरू होण्याआधीपासूनची छायाचित्रे अस्तित्वात आहेत आणि २००८ पासून ती विनामूल्य मिळतात. परंतु त्या पहिल्या छायाचित्रांतील एक चौकोन सुमारे ऐंशी मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे दीड एकराहून थोडा अधिक. ज्याची सगळी जमीन एकरभर, त्याचे शेत शेजाऱ्याच्या शेतात मिसळून एकाच रंगाचे दिसणार. पुढील पिढीतील उपग्रहांचा चौकोन तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा झाला. या मापाने राळेगणसिद्धीचे सारे शिवार सुमारे १०,९०० चौकोनांत मावते. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा चौकोन दहा मीटरचा, म्हणजे साधारण एका गुंठ्याचा आहे. याचा अर्थ असा की काळात जितके मागे जावे तितका लहान शेतकरी अदृश्य होतो. ही अनिश्चितता लपवून न ठेवता नकाशावरच प्रामाणिकपणे कशी दाखवावी, हा जगभर चर्चिला जाणारा संशोधनविषय असून आपल्याकडे त्याला थेट सामाजिक अर्थ आहे.

(आ) तुटलेल्या रेषा. जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे सात टक्के आणि १९९१ मध्ये सुमारे अकरा टक्के होते. संगणकाने आलेख काढला तर रेषा एकदम वर उसळलेली दिसेल, आणि अनभिज्ञ संशोधक त्याची कारणे जन्मदरात किंवा स्थलांतरात शोधेल. कारण कायद्यात आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ मधील अवघ्या अडीच हजारांवरून १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजारांवर गेली. हे लोक धर्माच्या रकान्यात बौद्ध म्हणून नोंदले गेल्यावर अनुसूचित जातींच्या रकान्यातून बाहेर पडले. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने ते पुन्हा त्या रकान्यात आले. माणसे तीच होती, रकाना बदलला. अशा खंडित मालिका कशा जोडाव्यात व कशा दाखवाव्यात, हा विषय बौद्ध समाजाचा इतिहास जाणणाऱ्या विद्यार्थ्याने घेतला तर त्याची पकड इतरांहून अधिक घट्ट असेल.

(इ) सातबारा आणि पाणी एका पटावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते; नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे नकाशे आहेत; जमिनीचे अभिलेख सातबाऱ्यात आहेत. सातबाऱ्यावर जात लिहिलेली नसते. परंतु ज्या गावी महार वतनाच्या जमिनी होत्या, तेथे त्यांचा माग भोगवटादार वर्ग २ च्या नोंदींतून व जुन्या फेरफारांतून लागू शकतो. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाविषयी विधेयक मांडले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती नोंद वाचता येईल. जमिनीचा उतार, विहिरीचे स्थान आणि धारणेचा इतिहास एकत्र मांडले म्हणजे पाणलोटाचे पाणी प्रथम कोणाच्या बांधावर पोहोचते हे दिसू लागेल. चराईबंदीचेही तसेच. कोणत्याही गावात गायरान बंद झाले की बांधावर चारा असणाऱ्याला त्याचा त्रास थोडा; ज्याची उपजीविका चार शेळ्यांवर, त्याला फार. हा भार आजवरच्या पाणलोट-नकाशांत क्वचितच उमटतो.

(ई) ग्रामसभेत नकाशा वाचणे. ज्यांना अक्षरओळख बेताची आहे अशा स्त्री-पुरुषांना पाण्याचा ताळेबंद कोणत्या रूपात नीट समजतो? कागदी नकाशा, मातीचा उंचसखल नमुना, की आभासी दृश्य? तीन गट करून, तेच प्रश्न विचारून, उत्तरांतील चुका मोजून आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून याचा निर्णय करता येतो. असा प्रयोग काटेकोरपणे केला तर तो उत्तम प्रबंध होईल, मग निष्कर्ष आभासी दृश्याच्या विरुद्ध का जाईना.

६. आभासी वास्तव : सामर्थ्य आणि मोह

या माध्यमाचे बौद्ध अध्ययनाशी जुळलेले एक प्रसिद्ध उदाहरण चीनमधील दुनहुआंगचे आहे. तेथील मोगाओ लेण्यांतील २२० क्रमांकाचे लेणे २०१२ मध्ये हाँगकाँगमध्ये आभासी रूपात उभे करण्यात आले. सारा केंडरडाइन व जेफ्री शॉ यांनी दुनहुआंग अकादमीच्या सूक्ष्म छायाचित्रांच्या आधारे ते सिद्ध केले. गोल पडद्याच्या मध्यभागी उभे राहून प्रेक्षक भिंतींवरील सुखावती-चित्रे अगदी जवळून न्याहाळू शकत होते. मूळ लेण्यातील रंगांना माणसांच्या श्वासातील दमटपणाही बाधतो. त्यामुळे चित्रही वाचते आणि दर्शनही घडते. अजिंठा, कार्ले, नाशिक येथील लेण्यांसाठी असे काम करताना चित्रातील जातककथा ओळखणारा आणि दानलेख वाचणारा पाली-प्राकृतचा अभ्यासक त्या संघात असणे अनिवार्य आहे. अन्यथा भिंत दिसेल आणि कथा हरवेल. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात छट्ठसंगायनाचे तिपिटक संगणकाच्या तबकडीवर आणले, तेव्हापासून पाली वाङ्मय संगणकीय विश्लेषणास खुले झालेच आहे. कोणत्या सुत्तात कोणते स्थळ, कोणती व्यक्ती, कोणती उपमा किती वेळा येते, यांचे दृश्यांकन हाही स्वतंत्र विषय होऊ शकतो.

आता मोहाविषयी. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जॉर्डनमधील निर्वासित छावणीतील एका सीरियन मुलीवर ‘क्लाउड्स ओव्हर सिड्रा’ हा आभासी चित्रपट तयार झाला. त्यानंतर हे माध्यम म्हणजे सहानुभूती निर्माण करणारे यंत्र आहे, असा प्रचार पुष्कळ झाला. हा दावा आपण सावधपणे तपासला पाहिजे. एखाद्या वस्तीचे दृश्य डोळ्यांवर चढवून पाच मिनिटे ‘अस्पृश्यतेचा अनुभव’ घेणारा माणूस यंत्र उतरवून आपल्या घरी जातो. त्याला दया आली म्हणून वस्तीतील विहिरीचा प्रश्न सुटत नाही, आणि जन्मभराचा अनुभव पाच मिनिटांत कळला असे त्याला वाटले तर हानीच होते. आपल्या चळवळीने दयेची मागणी कधी केली नाही, हक्काची केली. म्हणून राळेगणसिद्धीचा आभासी पट उभारणाऱ्या संशोधकाने प्रेक्षकाला रडवण्याऐवजी प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी. तोच उतार विहीरमालकाच्या बांधावरून, भूमिहीन मजुराच्या वाटेवरून आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या स्त्रीच्या नजरेच्या उंचीवरून पाहता यावा, आणि प्रत्येक दृश्यामागील नोंद कोठून आली हे तेथेच उघडून पाहता यावे.

गोपनीयतेचीही काळजी घ्यावी. ज्या गावात एखाद्या समाजाची घरे मोजकीच असतात, तेथे नावे गाळली तरी ठिपक्यावरून घर ओळखू येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायद्याआधी संशोधकाची नीती आहे. ज्यांची माहिती घेतली, त्यांना नकाशा प्रथम दाखवावा आणि त्यातील आपले घर पुसण्याचा अधिकार त्यांच्याकडे ठेवावा.

७. प्रवेश, पात्रता आणि अधिछात्रवृत्ती

महाराष्ट्रात या संशोधनासाठी पवई येथील आयआयटी मुंबईचा प्रथम विचार करावा. तेथील आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे ‘सितारा’ केंद्र आणि साधनसंपत्ती अभियांत्रिकी अध्ययन केंद्र या तिन्ही ठिकाणी पीएच.डी. करता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूगोल, संगणकशास्त्र आणि पाली या विषयांचे विभाग एकाच परिसरात आहेत, ही सोय लहान नव्हे. राज्याबाहेर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था दृश्यांकनासाठी, चेन्नईची आयआयटी मद्रास आभासी वास्तवासाठी आणि आयआयटी जोधपूर डिजिटल मानव्यविद्यांसाठी विचारात घेण्याजोग्या आहेत. परदेशात स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएल या संस्थेत केंडरडाइन यांची प्रयोगशाळा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींसह राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण होणाऱ्यासही थेट प्रवेश मिळू शकतो. तेथेही तीच सवलत लागू आहे. एम.फिल. बंद झाले आहे. प्रबंधास किमान तीन व कमाल सहा वर्षे. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन वर्षे मिळतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी की, दुसऱ्या विभागातील वा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेता येतो. पालीच्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्राचा आणि संगणकाच्या विद्यार्थ्याला समाजशास्त्राचा सहमार्गदर्शक मिळू शकतो, तो याच तरतुदीने. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जातात. अभियांत्रिकीस गेट आणि अभिकल्पास सीड या परीक्षा आहेत.

निर्वाहाचा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांपुढे सर्वांत आधी उभा राहतो. नेट-जेआरएफ मिळवणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून प्रथम दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये मिळतात. केंद्र शासनाची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती दरवर्षी २,००० जागांची आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती राज्यातील विद्यार्थ्यांसाठी आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांना मिळते, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. मात्र केंद्राच्या या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषय २०२२ मध्ये वगळण्यात आले. वंचित समाजातील विद्यार्थ्याने परदेशी जाऊन स्वतःच्या समाजाचा अभ्यास करू नये, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीची मार्गदर्शक तत्त्वे शब्दशः वाचावीत, आणि ज्याचा प्रश्न मुळातच दृश्यांकनाच्या पद्धतीचा आहे त्याने तो त्याच शास्त्राच्या भाषेत मांडावा.

८. समारोप

या क्षेत्रात शिरण्यासाठी महागडे यंत्र प्रथम लागत नाही. नकाशे करण्यासाठी क्यूजीआयएस आणि त्रिमितीय दृश्ये करण्यासाठी ब्लेंडर ही संगणक-साधने विनामूल्य मिळतात. त्यांबरोबर प्राथमिक संख्याशास्त्र एका वर्षात शिकता येते. वर्षभरात आपल्याच गावाचा एक नकाशा करावा. त्यात पाणी, जमीन, वस्ती व वाटा दाखवाव्यात, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली हे लिहावे. हा नकाशा घेऊन मार्गदर्शकाकडे गेलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे रिकाम्या हाताने गेलेल्यापेक्षा अधिक गांभीर्याने ऐकले जाते. विहारांतून चालणाऱ्या अभ्यासिकांनी स्पर्धापरीक्षांच्या वर्गांबरोबर असा एक वर्ग चालवावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

राळेगणसिद्धीचे पाणी मोजले गेले, त्याचे श्रेय मोजणाऱ्यांना द्यायलाच हवे. त्या पाण्याचा वाटा घरागणिक, वस्तीगणिक मोजण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते केवळ राळेगणसिद्धीतच नव्हे तर महाराष्ट्रातील प्रत्येक आदर्श म्हणवणाऱ्या गावात शिल्लक आहे. ज्यांच्या घरी त्या वाट्याची आठवण आहे, त्यांच्या मुला-मुलींनी ते हाती घ्यावे.